रंग न आलेलं पाणी

"नाना, तुम्ही परत भाकरी टाकलीत ना फिशटँकमध्ये?"

माझ्या हातातल्या जाळीत मेलेला एंजल मासा होता. तळहाताएवढा, रुपेरी, अंगावर काळे पट्टे. आठवड्यातला पाचवा. नाना खिडकीशी खुर्ची ओढून पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला, पण चष्मा काढला नाही.

"मी काय बी टाकलं न्हाई."

"मग मासे काय आत्महत्या करतायत?"

"पाण्यातच काय तरी हाय, शैला."

"पाण्यात काय आहे ते मला कळतं. मी रोज तपासते."

आणि खरंच तपासत होते. मी कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होते. पुण्याहून पाणी तपासायचा संच मागवला होता. रोज सकाळी सहाला उठायचं, काचेच्या नळीत खुणेपर्यंत फिशटँकचं पाणी घ्यायचं, एका बाटलीतले आठ थेंब, दुसरीतले आठ, हलवायचं आणि घड्याळ लावून पाच मिनिटं थांबायचं. पाणी पिवळं राहिलं तर ठीक. हिरवं झालं तर त्यात अमोनिया. माशांच्या विष्ठेतून, कुजलेल्या खाण्यातून तयार होतो आणि माशांचे कल्ले जाळतो. त्या गुरुवारी माझी नळी कैरीच्या सालीसारखी हिरवी झाली होती.

मी माशांना मोजून खाणं घालत होते. विष्ठा वाढली नव्हती. मग उरलं काय? घरातले दुसरे दोन हात. महिन्यापूर्वी मी नानांना भाकरीचा तुकडा कुस्करून टाकताना पकडलं होतं. "भुकेजल्यासारखी बघत हुती," असं कारण दिलं होतं त्यांनी. त्यामुळे गुन्हेगार शोधायची मला गरजच वाटली नाही.

या गोष्टीला आज अठरा वर्षं झाली. तरी ती हिरवी नळी आठवली की माझं डोकं तापतं.

नाना माझे वडील. आमच्या गावच्या नगरपालिकेत एकतीस वर्षं व्हॉल्व्हमन होते. म्हणजे कोणत्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, त्याचे व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस. आई गेल्यावर मी त्यांना सांगलीला माझ्याकडे आणलं. मी लग्न केलेलं नव्हतं, दोन खोल्यांचा फ्लॅट होता, आणि दोघांच्याही जिभेला धार होती. फरक एवढाच की मी बोलून टाकायची आणि नाना गप्प बसून आपलंच करायचे.

पाण्यावरून आमचं पहिल्यापासून जमत नव्हतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो माशांना मारतो. म्हणून मी पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवायची आणि मगच फिशटँकमध्ये ओतायची. क्लोरीन गेला की नाही ते पाहायला संचात वेगळी बाटली होती. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, बिनरंगी राहिलं तर नाही. नानांनी ती बाटली पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते हरखून गेले होते.

"अगं, ही तर आमची ओटी टेस्ट. शेवटच्या नळावर जाऊन रोज करायचो मी. पिवळं आलं की जीव भांड्यात पडायचा."

"माझा पिवळं आलं की जीव जातो," मी म्हणाले होते. तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो.

मासे मरायला लागायच्या चार दिवस आधी, एका सकाळी मी सरळ नळाचं पाणी नळीत धरून थेंब टाकला आणि काहीच रंग आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी खूश झाले. बादल्या भरून ठेवायची कटकट गेली. नळाला पाइप लावला आणि फिशटँकचं तिसरा हिस्सा पाणी तिथल्या तिथे बदलून टाकलं.

नाना मात्र नळी हातात घेऊन उजेडात धरून बसले.

"क्लोरीन गेला म्हंजे त्याला काय तरी खातंय," ते म्हणाले. "घाण शिरली की क्लोरीन पयला संपतो. तू प्यायचं पाणी उकळून घे."

"नगरपालिकेने कमी टाकला असेल."

"तसं बी आसंल. पर उकळून घे. आन् वास घेऊन बघ की." त्यांनी ओंजळीत पाणी धरून माझ्या नाकाशी आणलं. मला कसलाही वास आला नाही. स्वच्छ, नितळ पाणी होतं.

"नाना, पिंपभर पाणी रोज उकळायचं तर सिलिंडर पंधरा दिवस पुरायचा नाही. नंबर लावून वीस दिवस वाट बघायला लागते. माहीत आहे ना?"

त्यांनी ओंजळीतलं पाणी सिंकमध्ये सोडून दिलं. मला वाटलं, विषय संपला.

मग मासे मरायला लागले. मी पाणी बदललं. आणखी मेले, मी आणखी बदललं. त्या आठवड्यात माझी सगळ्यावरच चिडचिड चालली होती. पिण्याच्या पाण्याला चव नव्हती, कोमट लागायचं. "पिंप उन्हात ठेवता का तुम्ही?" म्हणून मी नानांवर खेकसले. ओट्यामागच्या खिडकीत जळक्या काड्या सापडल्या तेव्हा तर मी त्यांची झडतीच घेतली.

"बिड्या सुरू केल्यात ना परत?"

"न्हाई."

"मग या काड्या कसल्या? गॅसला लायटर आहे आपल्याकडे."

नाना पेपरात तोंड घालून बसले. मी काड्या त्यांच्यासमोर केराच्या डब्यात टाकल्या, मुद्दाम एकेक करून. वर, सिलिंडर लवकर संपत आलाय, चहा जरा कमी करा, असंही सुनावलं.

शुक्रवारी संध्याकाळी कॉलेजातून परतले तर गेटपाशी मगदूम उभे. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. सोळा फ्लॅटची इमारत, पण हे गृहस्थ साखर कारखाना चालवत असल्यासारखे बोलायचे.

"खोत मॅडम, जरा वडिलांना आवरा. दारोदार फिरून सांगतायत, पाणी खराब झालंय, उकळून प्या म्हणून. रविवारी तळमजल्यावरचा फ्लॅट बघायला पार्टी येणार आहे. हे असलं कानावर गेलं तर कोण येईल?"

"पार्किंगखालची टाकी साफ कधी केली होती?" मी विचारलं. विचारलं एवढं खरं.

"दिवाळीत केली की. रीतसर. मॅडम, तुम्ही शास्त्र शिकलेल्या. तुम्हाला तरी वाटतं का पाणी खराब आहे?"

मला लाज वाटत होती. माझा बाप लोकांची दारं वाजवत फिरतो याची. "नाही," मी म्हणाले, "पाणी चांगलं आहे."

जिन्यात समोरच्या तांबोळी भाभी भेटल्या. त्यांची पाच वर्षांची नात, आलिया, त्यांचा पदर धरून उभी होती. आलियाला माझे मासे फार आवडायचे. रोज एकदा येऊन काचेला नाक लावून जायची.

"शैलाताई, तुमचे नाना म्हणाले म्हणून मी तीन दिवस पाणी उकळतेय. मगदूमसाहेब म्हणतात काही गरज नाही. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करते."

"भाभी, नानांचं वय झालंय. त्यांचं एवढं मनावर घेऊ नका."

भाभींना हायसं वाटलं. मलाही.

शनिवारी सकाळी आणखी दोन मासे गेले. अकरातले चार उरले. गेलेल्यांत अंडी घालणारी जोडी होती, दीड वर्ष जपलेली. मी जाळी सिंकमध्ये आपटली आणि नानांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"तुम्हाला माझ्या घरात एक गोष्ट नीट राहू द्यायची नाही का? मासे मारलेत. वर लोकांत माझी शोभा करताय."

"शैला, ऐक. नळाचं पाणी तपास. तुझ्या त्या हिरव्या औषधानं. एकदा."

"ते फिशटँकसाठी असतं."

"पाणी पाणीच की गं. कुठलं का आसंना."

"मला शिकवू नका. मी लॅबमध्ये काम करते. तुम्ही काय होतात? चावी फिरवायचं काम केलंत आयुष्यभर. एवढं पाण्याचं कळत असतं तर इंजिनियर झाला असतात."

हे मी बोलले. अगदी याच शब्दांत बोलले, त्यात आज एक शब्द कमी करायचा मला अधिकार नाही.

नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. मग उठून आपली पिशवी भरायला लागले. दोन धोतरं, तीन सदरे, औषधाची डबी. मी अडवलं नाही. माझा राग इतका पेटलेला होता की ते दाराबाहेर कधी पडतायत याचीच मी वाट बघत होते. माझा धाकटा भाऊ गावी असायचा. एसटीने अडीच तास.

निघण्याआधी ते स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ आत होते. भांड्यांचा आवाज येत होता. बाहेर आले तेव्हा सदऱ्याच्या बाह्या भिजलेल्या होत्या.

"पिंप भरलंय," ते म्हणाले. "दोन दीस पुरंल."

"मला भरता येतं पाणी," मी म्हणाले.

संध्याकाळी मी फिशटँकचं अर्धं पाणी बदललं. आता घरात भाकरी टाकणारं कोणी नव्हतं. उद्या नळी पिवळी येणार याची मला खात्री होती, आणि आली की भावाला फोन करून नानांच्या कानावर घालायचं हेही मी ठरवून टाकलं होतं.

रविवारी सकाळी उरलेले चारही मासे वर तरंगत होते. मी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, घड्याळ लावलं. पाच मिनिटं लागलीच नाहीत. दोन मिनिटांत नळी हिरवीगार झाली, शनिवारपेक्षा गडद.

घरात मी एकटी होते. दोष द्यायला कोणी उरलं नव्हतं. आणि अर्धं पाणी तर मी कालच नवीन घातलं होतं.

मग मी दुसरी नळी धुतली. आता काय दिसणार ते मला कळलं होतं. नळ सोडला, खुणेपर्यंत पाणी धरलं, आठ आणि आठ थेंब टाकले. फिशटँकपेक्षाही हिरवं आलं. स्वच्छ, नितळ, बिनवासाचं नळाचं पाणी.

तेवढ्यात बेल वाजली. दारात तांबोळी भाभी, केस विस्कटलेले.

"शैलाताई, आलियाला रात्रीपासून जुलाब आणि उलट्या. डोळे खोल गेलेत. रिक्षा मिळत नाहीये. तुमच्या गाडीवरून दवाखान्यात सोडता का?"

मी स्कूटर काढली. भाभी पोरीला मांडीवर घेऊन मागे बसल्या. पोरगी रडतही नव्हती. दवाखान्यात गेलो तर बाकावर आमच्याच इमारतीतले तिघं बसलेले. आलियाला लगेच सलाइन लावलं. तिच्या हाताची शीर सापडेना, तिसऱ्यांदा टोचल्यावर सापडली. डॉक्टर म्हणाले, "चोवीस तास काढू देत. मग बोलू."

भाभी माझ्याकडे वळल्या. त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता, तेच वाईट होतं.

"परवापर्यंत उकळत होते हो मी."

मी घरी आले आणि प्रत्येक दार वाजवलं. संध्याकाळी पाच वाजता पार्किंगमध्ये सगळे जमले. नऊ घरांत आजारी माणसं होती. मगदूम आले, इस्त्रीचा शर्ट घालून. पार्टी दुपारी येऊन गेली होती म्हणे.

मी हिरवी नळी त्यांच्या तोंडासमोर धरली. "हे आपल्या नळाचं पाणी. यात अमोनिया आहे. टाकीत ड्रेनेज शिरतंय. झाकण उघडा. आत्ता."

"मॅडम, हे माशांचं खेळणं आहे. यावरून टाकी रिकामी करायची? वळवाचे दिवस आहेत, पोटं बिघडतात."

"नऊ घरांत एकदम बिघडतात?"

"आणि तुमच्या घरात?" मगदूम म्हणाले. ते हुशार होते, हे मी नाकारत नाही. "त्याच टाकीचं पाणी तुम्ही पिता ना? तुम्हाला काय झालंय? ठणठणीत उभ्या राहून ओरडताय की. पाणी खराब असतं तर तुम्ही कशा सुटलात?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी रोज दोन तांबे तेच पाणी पीत होते. रविवारी सकाळीही प्यायले होते. माझ्या पोटात साधं दुखलंही नव्हतं. मगदूम लोकांकडे वळून म्हणाले, "बघा. उगाच घबराट करायची नाही."

"थांबा," मी म्हणाले आणि जिना चढले. काय शोधायचं ते मला ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघरात उभी राहिले. पिंपाची तोटी सोडून पेला भरला. पाणी बेचव होतं, आठवडाभर होतं तसंच. मग ओट्याखाली वाकले. मागे, डब्यांच्या आड, आईचं मोठं पातेलं पालथं घातलेलं होतं. दिवाळीत चिवड्याला काढतो ते. सरळ केलं तर आत काठापासून चार बोटं खाली पांढऱ्या क्षाराची जाड रेघ होती, आणि तिच्याखाली आणखी रेघा. पातेल्याखाली काडेपेटी ठेवलेली. लायटरचा खटका वाजतो, त्याने मी जागी झाले असते.

मी सहाला उठायची. ते कधी उठत असतील? चारला? साडेतीनला? पाणी उकळायचं, निववायचं, पिंपात ओतायचं, पातेलं लपवायचं. मी जळक्या काड्या त्यांच्यासमोर एकेक करून टाकल्या होत्या. त्यांनी बिड्यांचा आळ सोसला, पण काड्यांचा खुलासा केला नाही. केला असता तर मी त्यांचं उकळणं बंद पाडलं असतं.

मी ते पातेलं उचललं आणि खाली गेले.

"मगदूम, तुम्ही विचारलंत मी कशी सुटले. माझा बाप रोज पहाटे उठून मला न सांगता पाणी उकळत होता. या पातेल्यात. म्हणून मी उभी आहे." मी लोकांकडे वळले. "त्यांनी तुम्हा सगळ्यांना दारात येऊन सांगितलं. तुम्ही त्यांना वेडं ठरवलंत. आणि मीसुद्धा. तांबोळी भाभी पोरीसाठी पाणी उकळत होत्या. परवा मी त्यांना सांगितलं, नानांचं मनावर घेऊ नका. मी सांगितलं. पोरगी सलाइनवर आहे ती माझ्यामुळे आणि या माणसामुळे. आता झाकण उघडता का मी पहार आणू?"

दुसऱ्या मजल्यावरचे दोघं पुढे झाले आणि त्यांनीच झाकण उचललं. वास यायला वेळ लागला नाही. शेजारच्या ड्रेनेजच्या चेंबरमधून टाकीच्या भिंतीवर काळा ओघळ उतरला होता, तो बॅटरीच्या उजेडात सगळ्यांनी पाहिला. मगदूमांनी नाकाला रुमाल लावला. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती, पण तो हात आधी मला स्वतःवर उगारायला हवा होता.

दवाखान्यात फोन केला. आलियाला लघवी झाली होती. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. मग मी भावाच्या घरचा नंबर फिरवला. नानांनीच उचलला.

मी सगळं सांगितलं. टाकीचं, चेंबरचं, नळाच्या नळीचं. ते मध्ये बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "पोरगी कशी हाय?"

"सुधारतेय."

"बरं झालं."

"नाना, तुम्ही मला का नाही सांगितलंत? गपचूप पहाटे उठून... मी काय काय बोलले तुम्हाला. सांगायचंत ना, बिडी नाही ओढत, पाणी उकळतोय म्हणून." मी परत त्यांच्यावरच चिडले होते. माझं मलाच ऐकू येत होतं.

"सांगितलं हुतं की. पयल्याच दिवशी."

पलीकडे ते खाकरले.

"मासं?"

"एकही नाही राहिला."

"आरारा," ते म्हणाले. मनापासून म्हणाले. आणि पुढे, "पिंपातलं संपत आलं आसंल आता. आज उकळलंस का?"

मी मागे वळून बघितलं. गॅसवर काहीच नव्हतं. दिवसभर मी घरोघर पाण्यावरून ओरडत फिरले होते आणि पातेलं खाली पार्किंगमध्येच राहिलं होतं.

"नाही," मी म्हणाले.

"मग फोन ठेव," नाना म्हणाले, "आन् आधी उकळाय ठेव."